चौथ्या मजल्यावरचं लेथ मशीन

मराठीत 'गाळा' हा फार सोयीचा शब्द आहे. मंडईत भाजीवाल्याचा गाळा असतो आणि लोअर परळच्या किंवा अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॉवर प्रेसवाल्याचाही गाळाच असतो. एकाच शब्दात दुकान आणि कारखाना दोन्ही बसतात, कारण आपल्याकडे बहुतेक वेळा ते एकाच जागेत बसलेले असतात. पुढे विक्री, मागे काम, आणि वर पोटमाळ्यावर गावाकडून आलेला भाचा झोपलेला.

सिंगापुरात मात्र या दोन गाळ्यांसाठी दोन शब्द आहेत, दोन प्रकारचे झोन आहेत आणि नियमांचे दोन वेगळे संच आहेत. दुकान म्हणजे 'शॉप युनिट'. कारखान्याचा गाळा म्हणजे 'फ्लॅटेड फॅक्टरी'मधलं युनिट; फ्लॅटेड म्हणजे फ्लॅटसारखी मजल्यांवर मजले चढवलेली. इथे फिरायला येणारे आपले पाहुणे मरीना बे बघतात, सेंटोसा बघतात, मुस्तफामध्ये खरेदी करतात आणि "काय स्वच्छ आहे हो!" म्हणत परत जातात. या फ्लॅटेड फॅक्टऱ्या कुणी दाखवत नाही आणि कुणी बघायला मागत नाही. पण शहरात कारखाने, दुकानं आणि झाडी एकत्र कशी बसवायची, या प्रश्नावर या देशाने साठ वर्षं जी खटपट केली, तिचा इतिहास याच इमारतींत आहे. मुंबईत धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू असताना तो आपल्याही कामाचा आहे, म्हणून हा लेख.

सुरुवात जुन्या काळापासून करू. स्टॅम्फर्ड रॅफल्सने १८२२ साली सिंगापूरच्या नगररचनेच्या सूचना दिल्या. चिनी कुठे राहतील, भारतीय कुठे, अरब कुठे, हे त्याने आखून दिलं, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक घरापुढे सलग छप्पर असलेली पडवी ठेवायला सांगितली. हीच इथली 'फाइव्ह-फूट वे', म्हणजे पाच फुटी पडवी. तिच्यामागे जी घरं उभी राहिली ती 'शॉपहाउस'. तोंड अरुंद, खोली भरपूर, तळमजल्यावर दुकान, मागे काम, वरती बिऱ्हाड. पुण्यातल्या कसबा पेठेतली तांबट आळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना शॉपहाउस समजावून सांगायला नको. एकीकडे ठोकठोक चाललेली, दारात गिऱ्हाईक, आणि आतून फोडणीचा वास!

हे मिश्रण कुणी डिझाइन केलेलं नव्हतं, ते आपोआप झालं होतं. पण त्याची किंमतही मोठी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर चायनाटाउनमधल्या एकेका शॉपहाउसमध्ये लाकडी फळ्या ठोकून खुराडी केलेली होती. बार्बरा के या बाईंनी पन्नाशीच्या दशकात अप्पर नानकिन स्ट्रीट या एकाच रस्त्याची पाहणी केली. तिच्यात खिडकी नसलेल्या खोल्यांत राहणारी कुटुंबंच्या कुटुंबं आढळली. शहराच्या कडेला अटाप म्हणजे झावळ्यांच्या छपरांचे कंपोंग, आणि त्यांत परसातले कारखाने: फर्निचरवाले, टायर रिट्रेड करणारे, सोया सॉस मुरवणारे, डुकरं पाळणारे. आज आपण 'मिक्स्ड यूज' हा शब्द कौतुकाने वापरतो. त्या काळी त्याचा अर्थ असा होता की वेल्डिंगच्या ठिणगीपासून पाळणा चार हातांवर असे.

१९६० च्या फेब्रुवारीत हाउसिंग अँड डेव्हलपमेंट बोर्ड, म्हणजे इथल्या बोलण्यातलं 'एचडीबी', स्थापन झालं. पुढच्याच वर्षी २५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी या वस्तीला आग लागली. चार माणसं दगावली, पण बेघर झाले सुमारे सोळा हजार! त्यानंतर एचडीबीने घरं बांधण्याचा जो सपाटा लावला तो सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या पाच वर्षांत पन्नास हजारांहून जास्त घरं. १९६६ मध्ये जमीन संपादनाचा कडक कायदा आला. आज देशातली सुमारे ९०% जमीन सरकारच्या हातात आहे, त्याची मुळं या काळात आहेत.

या घरांच्या गोष्टीत एक अडचण मात्र सहसा सांगितली जात नाही. कंपोंगातून जो माणूस उठवला त्याचं फक्त घर गेलेलं नसे, धंदाही गेलेला असे. त्याला आठव्या मजल्यावरचा फ्लॅट दिला तरी त्याचं लेथ मशीन कुठे ठेवणार?

ही अडचण भावनिक नाही, अगदी किलोंमध्ये मोजता येणारी आहे. राहत्या घराच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून स्लॅब डिझाइन करतात. आपल्या आयएस ८७५ मध्येही तोच आकडा आहे. यंत्रं असलेल्या कारखान्यासाठी मात्र हलक्या कामाला ५००, मध्यमला ७०० आणि जड कामाला १,००० किलो धरावे लागतात. मध्यम आकाराचं लेथ मशीन सहज दीड-दोन टनांचं असतं, आणि ते नुसतं उभं नसतं, थरथरतं. शिवाय कूलंटचं तेलकट पाणी, पत्रा कापल्याचा आवाज, रंगाचा वास, माल आणणारा ट्रक. हे सगळं घरात चालत नाही, म्हणजे घर आणि काम वेगळं करावं लागतं. आणि वेगळं केलं की माणूस दोन्हीकडून तुटतो.

हाँगकाँगला हाच प्रश्न थोडा आधी पडला होता. १९५३ च्या नाताळात शेक किप मेई इथे प्रचंड आग लागली, तिथेही निर्वासितांसाठी सरकारी इमारती उभ्या राहिल्या, आणि १९५७ मध्ये चेउंग शा वान इथे त्यांनी छोट्या उद्योगांसाठी बहुमजली कारखान्याची इमारत बांधली. सिंगापुरातही साठीच्या दशकात त्याच जातीच्या इमारती दिसू लागल्या. आधी इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्ड, मग १९६८ च्या जूनमध्ये स्थापन झालेलं जुरोंग टाउन कॉर्पोरेशन म्हणजे जेटीसी, आणि छोट्या धंद्यांसाठी स्वतः एचडीबी, अशा तिघांनी हे काम केलं.

फ्लॅटेड फॅक्टरी दिसायला अगदी साधी असते. पाच-सात मजले, मधून रुंद कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना सारख्या मापाचे गाळे, टोकाला मालाची मोठी लिफ्ट, खाली ट्रक लावायची जागा आणि एक कँटीन. डिझाइन म्हणून कुणी तिचं कौतुक करणार नाही. पण जमीन नाही, भांडवल नाही, आणि घर तर सरकारने आताच हलवलंय, अशा माणसाला चार भिंती, थ्री-फेज वीज आणि सांडपाण्याची नळी तयार मिळाली, की तो पुढच्या आठवड्यात काम सुरू करू शकतो.

अशा इमारतीचा जीव मालाच्या लिफ्टमध्ये असतो. याचा एक किस्सा ली क्वान यू यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी इथे यायच्या विचारात होती आणि तिने एका सहा मजली इमारतीचे वरचे दोन मजले भाड्याने घेतले होते. खुद्द ह्यूलेटसाहेब जागा बघायला येणार आणि लिफ्टला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर तयार नाही! सहा मजले त्यांना चढायला लावायचे कसे? इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाच्या लोकांनी शेजारच्या इमारतीतून एक भलीमोठी केबल ओढून आणली, भेटीच्या दिवशी लिफ्ट चालली, आणि कंपनीने गुंतवणूक केली. गोष्ट सरकारी तत्परतेची म्हणून सांगतात. मला ती इमारतीची म्हणूनही आवडते. एवढी मोठी कंपनीसुद्धा इथे आली ती आधी गाळेकरी म्हणून.

आता झाडांकडे येऊ. सिंगापूरला 'गार्डन सिटी' करायची घोषणा १९६७ च्या मे महिन्यात झाली. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षंही झाली नव्हती, बेकारी होती, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश लष्कर तळ उठवणार हे जाहीर झालं. अशा वेळी झाडं लावत बसणं चैनीचं वाटेल, पण हिशेब सरळ होता. परदेशी कारखानदार विमानतळावरून शहरात येतो तेव्हा रस्त्याच्या कडेची निगा राखलेली झाडं बघून या देशात पुढे यंत्रंही सांभाळली जातील असा अंदाज बांधतो. आणि विषुववृत्ताजवळच्या उन्हात सावली ही मजुराचीही गरज आहेच.

जुरोंग हे त्याचं मोठं उदाहरण. पश्चिमेकडची ही दलदल होती. टेकड्या कापून भर घातली, १९६३ पर्यंत पोलादाचा पहिला कारखाना सुरू झाला, पण सुरुवातीला कामगार तिथे राहायला येईनात. अर्थमंत्री गोह केंग स्वी यांच्या नावाने लोक त्याला 'गोहचा वेडेपणा' म्हणत. मग औद्योगिक महामंडळाने बागा बांधायला घेतल्या! १९७१ च्या जानेवारीत जुरोंग बर्ड पार्क उघडलं (ते २०२३ मध्ये बंद होऊन पक्षी मंडाईला हलले), १९७३ मध्ये जपानी बाग, १९७५ मध्ये चिनी बाग. आपल्या एमआयडीसीने पक्षी उद्यान काढलं अशी कल्पना करून बघा, म्हणजे यातली गंमत कळेल.

पण जुरोंगपेक्षा मला तोआ पायो जास्त शिकवून जातं. एचडीबीने साठीच्या दशकात अख्खं आखलेलं हे उपनगर. मध्ये बाजार, सिनेमा आणि बसस्थानक असलेलं टाउन सेंटर, भोवती घरं, आणि कडेला हलके उद्योग. तिथे फिलिप्सचा कारखाना होता आणि छोट्यांचे गाळेही होते. ज्या बायका मुलांना शाळेत सोडून लांबच्या जुरोंगला जाऊ शकत नव्हत्या त्या चालत जाऊन रेडिओ जोडायच्या कामाला लागल्या. घरं आणि कारखाने यांच्यामध्ये रस्ता आणि झाडांची रांग. म्हणजे जे शॉपहाउसमध्ये एकावर एक रचलेलं होतं ते इथे दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर पसरून ठेवलं. भिंतीऐवजी मध्ये झाडं आली.

दुकानांचीही तीच गोष्ट. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी साठीच्या दशकाच्या शेवटी झाली आणि १९७१ ते १९८६ या काळात सरकारने हॉकर सेंटरं बांधून त्यांना छपराखाली आणलं. पाणी, गटार, बसायला टेबलं. २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारसा म्हणून मान्यता दिली. मग आली सिंगापूर नदीची सफाई, १९७७ ते १९८७. नदी आणि कालांग खोऱ्यातून सुमारे २६,००० कुटुंबं हलवली, जवळजवळ पाच हजार फेरीवाले हलवले, डुकरांचे आणि बदकांचे गोठे बंद केले आणि परसातल्या छोट्या उद्योगांना औद्योगिक इमारतींत जागा दिली. नदी खरोखर स्वच्छ झाली. तिच्या काठी आज जी हिरवळ आहे ती कुणाच्या तरी अंगणावर उगवलेली आहे, हेही तितकंच खरं. ज्यांचा धंदा पाचव्या मजल्यावर चालण्यासारखा नव्हता, म्हणजे डुकरं पाळणारे किंवा होड्या बांधणारे, त्यांना या नव्या शहरात जागाच नव्हती.

याच सुमाराला खाजगी क्षेत्रानेही मिश्र संकुलं बांधली. डिझाइन पार्टनरशिप या तरुण वास्तुरचनाकारांच्या फर्मने केलेली पीपल्स पार्क कॉम्प्लेक्स आणि गोल्डन माइल कॉम्प्लेक्स ही १९७३ सालची दोन नावं वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतील. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं. गोल्डन माइल तर समुद्राकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारं. फार धाडसी इमारती आहेत. गोल्डन माइल २०२१ मध्ये जतन यादीत गेलं आणि पुढच्या वर्षी अख्खं ७०० दशलक्ष डॉलरला विकलं गेलं. पण या मिश्रणात कारखान्याला वाटा नव्हता. दुकान, ऑफिस आणि घर हे तिघं एकमेकांना भाड्यात सांभाळून घेतात. त्यांच्यामध्ये लेथ मशीन कोण आणून ठेवणार?

ज्या इमारतीत असं मशीन ठेवायला जागा होती तिथला माझा संबंध पीएच.डी.च्या काळातला. विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये रांग असायची, म्हणून प्रयोगाच्या चेंबरची एक स्टेनलेस स्टीलची फ्लँज बाहेरून करून घ्यायची होती. एका जुन्या फ्लॅटेड फॅक्टरीच्या चौथ्या मजल्यावर साठीतले एक चिनी गृहस्थ होते. इथे सगळ्याच वडीलधाऱ्यांना 'अंकल' म्हणतात, तसं मीही म्हणायचो. दोन लेथ, एक मिलिंग, भिंतीला कॅलेंडर आणि देव्हाऱ्यात उदबत्ती. ड्रॉइंग हातात घेऊन त्यांनी एक टॉलरन्स पेन्सिलीने गोल केला, "हे एवढं कशाला? पैसे फुकट जातील," म्हणाले, आणि मग "कॅन, कॅन" म्हणून काम ठेवून घेतलं. ओ-रिंग बसायच्या खाचेसाठी ती टॉलरन्स लागतेच हे मी समजावलं तेव्हा मान डोलावली, आणि तीन दिवसांनी मायक्रोमीटर माझ्या हातात देऊन "मोज" म्हणाले.

माझ्या लक्षात राहिलं ते त्यांचं शेजारपण. खोदकामाला तिसरा मजला, अ‍ॅनोडायझिंगला शेजारची इमारत, बोल्ट खालच्या हार्डवेअरवाल्याकडे, दुपारी कँटीनमध्ये फिशबॉल नूडल्स, आणि इमारतीमागे रेन ट्रीच्या सावलीत दोन बाकं, जिथे सगळ्या मजल्यांवरचे लोक सिगारेट ओढायला आणि कामं वाटून घ्यायला बसायचे. मी एकदा विचारलं, बाहेर लांब स्वस्तात मोठी जागा मिळेल, जात का नाही? ते म्हणाले, "तिथे मी एकटा काय करू? माझं अर्धं मशीन शेजाऱ्याकडे आहे."

छोट्या उद्योगाचं अर्थशास्त्र इतक्या कमी शब्दांत मी कुठे वाचलेलं नाही. कारखाना, दुकान आणि हिरवळ एकत्र का असावीत याचं कारण सौंदर्यात नाही, या वाक्यात आहे. छोट्या कारखान्याकडे सगळी यंत्रं नसतात, तो शेजाऱ्यांच्या यंत्रांवर चालतो. त्याला हार्डवेअरचं दुकान पायांच्या अंतरावर लागतं आणि बाकावर बसून बोलायला सावली लागते.

मग अशी संकुलं सगळीकडे का होत नाहीत? तांत्रिक अडचण आहे का? एक साधा हिशेब करू. गच्चीवर बाग करायची तर फूटभर माती हवी. ओली माती घनमीटरला सुमारे १,८०० किलो भरते, म्हणजे फूटभर थराचे चौरस मीटरला साडेपाचशे किलो झाले. हलक्या कारखान्याचा भार ५०० किलो, तो आपण वर पाहिलाच. म्हणजे खांबाच्या दृष्टीने बाग आणि वर्कशॉप यांच्यात फरक नाही. जो खांब लॉन पेलतो तो लेथही पेलेल. फरक करतं ते भाडं. दुकान सगळ्यात जास्त भाडं देतं. बाग स्वतः भाडं देत नाही, पण आजूबाजूच्या ऑफिसांचं भाडं वाढवून देते. वर्कशॉप कमी भाडं देतं आणि शेजाऱ्यांचंही थोडं कमी करतं. त्यामुळे तिघांना एकत्र बसवून बाजारावर सोपवलं तर आधी कोण उठेल हे सांगायला ज्योतिषी नको.

सिंगापूरने हे ओळखून नियम केले. २००३ च्या मास्टर प्लॅनपासून औद्योगिक जमिनीचे दोन मुख्य वर्ग आहेत, बी-१ आणि बी-२. वर्ग उद्योगाच्या नावावरून ठरत नाही, त्याच्या उपद्रवावरून ठरतो: शेजारच्या वस्तीपासून पन्नास मीटरपर्यंतचं अंतर पुरत असेल तर बी-१, जास्त लागत असेल तर बी-२. आणि औद्योगिक इमारतीतली किमान ६०% जागा प्रत्यक्ष उद्योगालाच वापरावी लागते. ऑफिस, शोरूम, कँटीन वगैरे सगळं मिळून उरलेल्या ४०% मध्ये. नियम रुक्ष आहे, पण त्याने कारखान्याला भाड्याच्या स्पर्धेतून काही प्रमाणात बाहेर काढलं.

काही प्रमाणात म्हणतो, कारण उद्योग या शब्दात बरंच काही बसतं. २००८ मध्ये जेटीसीने आपल्या कितीतरी फ्लॅटेड फॅक्टऱ्या १.७१ अब्ज डॉलरला मेपलट्रीला विकल्या, आणि २०१० मध्ये मेपलट्री इंडस्ट्रियल ट्रस्ट म्हणून त्या शेअर बाजारात आल्या. भागधारक असलेल्या मालकाने चांगल्या भाड्याकडे बघणं यात गैर काही नाही, ते त्याचं कामच आहे. कोलाम आयर इथल्या जुन्या इमारती पाडून २०२३ मध्ये त्या जागी हाय-टेक संकुल उभं राहिलं. आयर राजा इथली ब्लॉक ७१ ही जुनी फ्लॅटेड फॅक्टरी पाडायचीच होती, ती २०११ मध्ये स्टार्टअपना दिली आणि ती जगभर गाजली. शेजारी कंटेनरांत खाण्याचे स्टॉल, झाडं, संध्याकाळी संगीत. गाळा तोच, लिफ्टही तीच, फक्त आत ग्रीसऐवजी लॅपटॉप. तीही निर्मितीच आहे, मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण फ्लँज हवी असेल तर तिथे मिळत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत तर ही संकुलं फारच देखणी झाली आहेत. नान्यांग विद्यापीठाशेजारी क्लीनटेक पार्कमध्ये इमारतींच्या मधोमध पाच हेक्टरची जुरोंग इको-गार्डन आहे. पुंगोल डिजिटल डिस्ट्रिक्टमध्ये विद्यापीठ, ऑफिसं आणि दुकानं यांचं चटईक्षेत्र एकेका भूखंडाऐवजी संपूर्ण भागाच्या पातळीवर अदलाबदल करायची मुभा दिली. २०२३ च्या नोव्हेंबरात ह्युंदाईने जुरोंग इनोव्हेशन डिस्ट्रिक्टमध्ये सात मजली मोटार कारखाना उघडला. त्याच्या गच्चीवर ६२० मीटरचा टेस्ट ट्रॅक आणि आत भाजीची शेती. तिकडे छोट्यांसाठी जेटीसी अशा इमारती बांधते की ज्यांत ट्रक रॅम्पवरून थेट वरच्या मजल्यावरच्या गाळ्याच्या दारात जातो, म्हणजे लिफ्टची रांगच संपली. २०१८ मध्ये एचडीबीकडचे हजारो औद्योगिक गाळेही जेटीसीकडे आले, त्यामुळे छोट्या उद्योगाला निदान दार ठोठवायला एकच दार आहे. उलट, सुंगेई रोडचा जुना रस्त्यावरचा बाजार, जिथे दुरुस्त केलेले पंखे आणि घड्याळं मिळायची, १० जुलै २०१७ ला कायमचा बंद झाला. त्याच्यासाठी कुठला झोन सापडला नाही.

आता मुंबई. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ मध्ये आपण नियम ५८ केला. एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. कागदावर सुंदर सूत्र. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने आराखडाही दिला. २००१ मध्ये नियम बदलला, इमारतीखालची जमीन वाटणीतून वगळून फक्त रिकामी जमीन मोजायची असं ठरलं, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. बागेचा वाटा किती आक्रसला यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला दुसरीच गोष्ट खटकते. मूळच्या, न बदललेल्या सूत्रातही बाग होती, घर होतं, मालक होता. छोट्या कारखान्याचा वेगळा वाटा कुणी मागितलाच नव्हता. गिरणगावात, जिथे भोंग्यावर घड्याळं लावत! आणि लोअर परळच्या ज्या इंडस्ट्रियल इस्टेटींत खरे गाळे होते त्यांत एकेक करून ऑफिसं आली.

धारावीत हाच प्रश्न कितीतरी मोठ्या आकाराने उभा आहे. कुंभारवाड्यातल्या भट्ट्या, चामड्याचं काम, प्लास्टिकचं रिसायकलिंग, शिवणकाम. २०२२ च्या नोव्हेंबरात अदानी समूहाची निविदा सरस ठरली आणि तेव्हापासून चर्चा मुख्यतः घरांची होते: किती चौरस फूट, कोण पात्र, कोण अपात्र. ती व्हायलाच हवी. पण सिंगापूरचा अनुभव सांगतो की घराचा प्रश्न पैशाने सुटतो, कामाच्या शेजारपणाचा सुटत नाही. खोदकामवाला मुलुंडला, अ‍ॅनोडायझिंगवाला भिवंडीला आणि लेथवाला इथेच, अशी पांगापांग झाली तर प्रत्येकाला जागा मिळूनही धंदा कुणाचाच उरणार नाही.

सिंगापूरची नक्कल करा असं मी म्हणणार नाही. ९०% जमीन आपल्या सरकारच्या हातात नाही, आणि इथे ज्या तडकाफडकीने माणसं हलवली तशी लोकशाहीत हलवू नयेत. पण तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. माणसाला उठवताना त्याच्या धंद्यासाठी तयार गाळा आधी बांधा, घराबरोबर किंवा घराच्याही आधी. उद्योगाला त्याच्या नावावरून हाकलू नका. त्याचा आवाज, धूर आणि पाणी मोजा, आणि जो पन्नास मीटरांत आणि झाडांच्या एका रांगेत आटोक्यात राहतो त्याला शहरात ठेवा. आणि प्रत्येक मोठ्या संकुलात काही टक्के मजला प्रत्यक्ष हाताने वस्तू बनवणाऱ्यांसाठी राखा, स्लॅब ५०० किलोंचा घाला, ट्रक वर जाईल असा रॅम्प द्या, आणि ते टक्के पुढच्या दुरुस्तीत वितळू देऊ नका. पहिल्या दोन गोष्टी इंजिनिअर करू शकतात. तिसरी निवडून दिलेल्या लोकांनाच करावी लागेल.

दुकानं आपोआप येतील, त्यांना आमंत्रण लागत नाही. बागेसाठी भांडणारे नागरिक आता आपल्याकडेही आहेत, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. चौथ्या मजल्यावरच्या लेथसाठी भांडणारं अजून फारसं कुणी नाही. धारावीच्या नकाशात घरांच्या आणि बागांच्या रंगांबरोबर गाळ्याचाही एक रंग हवा, आणि तो नकाशा पक्का होण्याआधी हवा.